बोरफाट्यावरची बंदी

डोमा मडावीचं सायकल दुरुस्तीचं टपरं बोरफाट्यावर तीस वर्षांपासून आहे. पंक्चर काढता काढता त्याने पहाडाकडचा कच्चा रस्ता पक्का होताना पाहिला, मग त्यावरून लोहखनिजाचे ट्रक धावायला लागलेलेही पाहिले. माणसाची पारख तो सायकलीवरून करी. ब्रेक न तपासता सायकल हाणणाऱ्याला तो गाढव म्हणे. ज्याने जन्मात पायडल मारलंच नाही, त्याच्याशी बोलण्यात तो वेळ घालवत नसे.

तालुक्याची रस्ता सुरक्षा समिती अशाच माणसांनी भरलेली होती. फाट्यावर शाळेच्या पोरी आणि ट्रक समोरासमोर येतात, म्हणून तिने बैठका घेतल्या. अध्यक्ष गुणवंतराव, ज्यांचे स्वतःचे सहा ट्रक त्याच रस्त्यावर. पहिल्या बैठकीत ठरलं की पोरींनी उतरून पायी जावं. दुसऱ्या बैठकीनंतर पोरींना चकाकती जाकिटं वाटली आणि फोटो काढले. जाकिटं इतकी ढगळ की दुसऱ्याच दिवशी डोमाने दोन जाकिटं चेनमधून कापून काढली.

"हुशार लोक!" तो म्हणाला आणि चिंध्या हात पुसायला ठेवून घेतल्या.

तिसऱ्या बैठकीत एकदाची बंदी आली. सकाळी साडेनऊ ते साडेदहा, संध्याकाळी साडेचार ते साडेपाच ट्रक बंद. फलक लागला, नारळ फुटला, भाषणं झाली. हे सगळं मार्चच्या मध्यावर, आणि त्याच आठवड्यात दरवर्षीसारखी उन्हामुळे शाळा सकाळची झाली. पोरी आता साडेसहालाच फाटा ओलांडायच्या. बंदीआधी एक खेप उरकावी म्हणून ट्रकांची झुंबडही नेमकी तेव्हाच. साडेनऊला फाट्यावर चिटपाखरू नसे. तेव्हा मात्र एक शिपाई मोठ्या निष्ठेने ट्रक अडवत उभा राही.

डोमा तालुक्याच्या कचेरीत साहेबांकडे गेला. "साहेब, पोरी सकाळी साडेसहाले जाऊन राह्यल्या. वेळ बदला ना."

"पुढच्या बैठकीत बघू. जूनमध्ये," साहेब म्हणाले.

"जूनात तर शाळा परत दहाचीच होते!"

शेजारी बसलेले गुणवंतराव हसले. "डोमाभाऊ, तू आपले पंक्चर पाय."

दोनच दिवसांनी डोमाच्या नातीच्या, निशाच्या, सायकलीचं मागचं चाक ट्रकखाली गेलं. निशाने वेळेवर उडी मारली म्हणून कोपरावर निभावलं. तिची आई सुकरी हिने मोडकी सायकल कुडाला टेकवली आणि सासऱ्याला सांगितलं, "मामाजी, बस झाली शाळा. मले पोरगी जित्ती पायजे."

नववीची परीक्षा तोंडावर होती. डोमाला सुनेचा राग आला नाही. तिचं खरंच होतं. त्याने त्या दिवशी दुसरं कुठलंच काम हातात न घेता निशाच्या सायकलीला चाक बसवलं.

"उद्यापासून फाट्यावर मी उभा राह्यतो," तो सुकरीला म्हणाला. "मंग तं धाडशीन?"

सकाळी सुकरीने निशाला डबा बांधून दिला.

डोमा लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ड्रायव्हरांनी शिव्या घातल्या. त्याने गोंडीत परत दिल्या, दुपटीने. ट्रक थांबले. चौदा पोरी निघून गेल्या.

पाचव्या दिवशी नोटीस आली. ज्या कचेरीला वेळ बदलायला जून लागणार होता, तिची ही नोटीस चार दिवसांत घरपोच. निशाने ती वाचून दाखवली. डोमा मडावी याने वाहतुकीस अडथळा केल्याची तक्रार अध्यक्षांनी केली असून, सकाळी सहा ते सात या वेळेत त्याने बोरफाट्यावर उभं राहू नये.

"वेळ पुन्हा वाच," डोमा म्हणाला.

"सकाळी सहा ते सात."

"पाय, या लोकायले पोरीची वेळ मालूम हाये तं!" तो थुंकला. मग त्याने काठी उचलली आणि निशाला म्हणाला, "उद्या टायमावर निघजो."