बेकार कोणाला म्हणायचं

केसरने अर्थशास्त्र घेतलं ते रागातून. तिचा नवरा गणराज ज्या रसायनांच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं राबला, तो बंद पडला आणि त्याच आठवड्यात टीव्हीवरची बाई हसत सांगत होती, देशाची अर्थव्यवस्था जोरात वाढते आहे. "मग आमचाच कारखाना कसा झोपला?" केसरने टीव्हीलाच विचारलं.

म्हसळ्याच्या आतल्या अंगाला तिचं गाव. तिथल्या अंगणवाडीची ती सेविका. पदवी असली तर पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी प्रयत्न करता येतो, म्हणून तिने घरबसल्या बी.ए.ला नाव घातलं होतं. सगळे म्हणाले इतिहास घे, सोपा असतो. तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षी स्थूल अर्थशास्त्राचं पुस्तक आलं. पोरांची खिचडी शिजेपर्यंत ती वाचायची, वाचता वाचता उठायची, पुन्हा बसायची. राष्ट्रीय उत्पन्न, एकूण मागणी, विकासदर, सगळं देशाचं. रविवारी म्हसळ्याला अभ्यासकेंद्रावर तास असे. तिथले सर म्हणाले, "स्थूल म्हणजे डोंगरावरून गाव बघतो ना, तसं. कौलं दिसतात, आतली माणसं दिसत नाहीत."

"पण सर, मला आतलंच विचारायचंय."

सर हसले आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

गणराज तोवर घरीच होता. सुरुवातीला चार ठिकाणी हिंडला, मग हिंडणं सुटलं. ओटीवर बसून राहायचा. केसरची उजळणी घेण्यात मात्र त्याला रस वाटे. परीक्षेच्या आदल्या दुपारी ती भाकऱ्या थापत होती आणि तो पुस्तक धरून विचारत होता.

"बेरोजगार कोनाला म्हनायचं?"

"काम करायची इच्छा आणि ताकद असून, शोधूनही ज्याला काम मिळत नाही त्याला."

"आनि जो शोधतच न्हाय?"

"त्याला श्रमशक्तीत धरतच नाहीत. मोजत नाहीत," केसर पाठ केलेलं घडाघडा बोलून गेली.

गणराजचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. "मंग मी कोन?"

"कोन म्हंजे? माजा ल्योक हायेस," ओटीवरून त्याची आई आवडाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी केसरला हात उचलवेना.

सकाळी उठून पाहते तर गणराज नाही. चपला नाहीत. फोन मात्र कोनाड्यात पडलेला. आवडाबाईला काही माहीत नव्हतं. परीक्षा श्रीवर्धनला होती, पेपर चुकवता येत नव्हता, म्हणून केसर एसटीत बसली, पण प्रत्येक थांब्यावर खिडकीतून मान बाहेर काढून त्याला शोधत राहिली. पेपरात नेमका तोच प्रश्न आला. व्याख्येचे पहिले चार शब्द लिहिले आणि पेन अडलं. नको ते विचार येत होते. अर्धा पेपर कोरा ठेवून ती निघाली.

तो संध्याकाळी आला. शर्ट पाठीला चिकटलेला.

"कुठं गेलेलात? सांगून तरी जायचं!"

"रोह्याला. कारखान्यांच्या दारात उभा ऱ्हायलो. वय जास्त हाय म्हनले." घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "आता तरी मोजतील ना मला?"

केसरला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर तो रोज निघू लागला. पावसाळा सरता सरता श्रीवर्धनच्या एका बर्फाच्या कारखान्यात मशीनवर लागला. पगार पूर्वीपेक्षा कमी, पण सकाळी घाईने डबा मागणारा माणूस घरात परत आला.

केसर त्या एका पेपरात नापास झाली होती. पुन्हा बसली. या वेळी व्याख्या पुस्तकातली लिहिली आणि खाली स्वतःची एक ओळ घातली: शोधून थकलेला माणूसही बेकारच असतो, त्यालाही मोजायला हवं.

ती पास झाली. आवडाबाईने गावात साखर वाटली. पण त्या ओळीला गुण दिले की तिच्यावर काट मारली, हे काही केल्या कळेना. केसर म्हसळ्याला सरांकडे गेली.

"ताई, पास झालात ना? झालं की मग."

"झालं कसं, सर? वाचणाऱ्याला पटलं की नाही ते नको कळायला?"

उत्तरपत्रिकेची प्रत कुठे मागवायची, ते विचारूनच ती तिथून उठली.