म्हशीच्या कानाआडून

सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या पाणथळीवर, कडाक्याच्या थंडीत मी हिरव्या ठिपक्यांचे कपडे घालून तासभर गवतात पालथा पडलो होतो. कॅमेरा उचलला की चक्रवाकांचा थवा उडायचा. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा मागून कुणीतरी हसलं. लुगड्यावर पुरुषी स्वेटर घातलेल्या एक मावशी चार म्हशी घेऊन उभ्या होत्या.

"लपता कशाला, भाऊ? लपून येतो तो शिकारी, एवढं पाखरांना कळतं. उठा, म्हशींसंगं चला. अन् बोलत राहा."

त्या म्हशींना मोठमोठ्याने शिव्या घालत पाण्याकडे निघाल्या. मी एका म्हशीच्या मानेआडून. चक्रवाकांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिखलात चोची घातल्या. दहा पावलांवर! नारिंगी पिसं, चोचीवरचा थेंबसुद्धा दिसत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"बोला की!" मावशी ओरडल्या. "गप झालात की लगेच शिकारी दिसता!"

काही सुचेना, म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हणत फोटो काढत सुटलो.

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात म्हशीचा कान आलाय. मित्र म्हणतात, कापून टाक. कसा कापू? पाखरांनी मला जवळ येऊ दिलं ते त्या कानाच्या ओळखीवर.