आठ झडपांचं दार

लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले एकेचाळीस दिवस मी बायकोबरोबर राहिलो होतो. हा आकडा तिचा. मी पंचेचाळीस म्हणायचो, पण ती पत्रात तारखा लिहून मला खोटं पाडायची.

नव्वदीतली गोष्ट आहे. ती हिंगोलीजवळच्या आमच्या गावात होती आणि मी सुरतेत. कोसाडच्या एका खोलीत आम्ही सातजण राहायचो. बाकीचे सहा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, दोन पाळ्यांत, त्यामुळे गाद्या चारच होत्या. एक कामाला गेला की दुसरा त्याच्या उबेत आडवा व्हायचा. मी वेल्डिंग करायचो. त्याआधी बी.ए.ची दोन वर्षं केली होती आणि त्या दोन वर्षांनी मला वाचायची खोड लावली होती. वाचनालयातून आणलेली पुस्तकं मी उशाखाली ठेवायचो. सहा जणांपैकी एकानंही कधी एक पुस्तक चोरलं नाही, एवढीच माझी त्यांच्याबद्दल तक्रार. अशा खोलीत बायको कुठं आणणार?

मला सुरतेला आणलं ते बायकोच्या मामांनी. मामा सुतार, साठीला टेकलेले. नात्यानं मी जावई, म्हणून ते मला रागावतानाही अहोजाहो करायचे. "जावईबापू, डोळे हायत का बटनं लावलीत?" असं. भाचीला कधी आणणार, हे मात्र ते विचारायचे नाहीत. नुसते माझ्या डब्याकडे बघायचे.

सुरतेबाहेर कामरेजच्या पुढं एका शेठची ऊसशेती आणि म्हशी होत्या. त्यांनी नवा तबेला बांधला होता. अर्ध्या भागात म्हशी, अर्ध्यात ट्रॅक्टर आणि पेंढा. त्याला वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच तोंड ठेवलं होतं. शेठच्या मेव्हण्यानं अमेरिकेतून तिथल्या एका तबेल्याचा फोटो पाठवला होता. त्यात पंख्यासारखं दुमडणारं मोठं दार होतं आणि दारापुढं मेव्हणा. शेठना तसंच दार हवं होतं. मेव्हण्यापेक्षा मोठं असलं तर उत्तम.

मामांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "व्हईल की. घडीचा पडदा असतो तसं. फकस्त वजन लई."

दार असं ठरलं : अडीच-अडीच फुटांच्या आठ झडपा, चार उजवीकडं दुमडणाऱ्या, चार डावीकडं. लोखंडी पाइपाची चौकट मी जोडायची, तिच्यात सागाच्या फळ्या मामांनी बसवायच्या. वरच्या तुळईखाली लोखंडी पट्टा टाकायचा, त्यात बेअरिंगची चाकं फिरणार आणि सगळं ओझं त्यांच्यावर. खाली जमिनीत एक अरुंद खाच, झडपेची खिटी तिच्यातून सरकायला, म्हणजे वाऱ्यानं दार हेलकावणार नाही.

काम ठरलं त्या दिवशी शेठनी तबेल्याला लागून असलेली खोली दाखवली. आत सरकी पेंडेची पोती होती. एक खिडकी, खिडकीत ऊस. शेठ म्हणाले, "दरवाजा बराबर बैठ गया तो ये खोली तेरी. मेरे ट्रैक्टर पे नजर रख और बैरी को ले आ. कब तक लूमवालों की गोद में सोएगा?" बैरी म्हणजे बायको. पुढं त्यांनी एक सुरती शिवी जोडली. ती प्रेमाची होती. सुरतेत राहिलं की शिवीतलं प्रेम ओळखता येतं, फक्त वेळ लागतो.

मी त्याच दिवशी अंतर्देशीय पत्र लिहिलं. खोलीचं वर्णन जरा वाढवून केलं. खिडकीत पेरूचं झाड घातलं, जे नव्हतं. तिचं उत्तर आठ दिवसांत आलं. शेवटची ओळ होती, 'दार झालं का?' पुढच्या प्रत्येक पत्रात ती ओळ आली. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करावी तशी ती दाराची चौकशी करायची. गावात कुणी विचारलं, नवरा काय करतो, तर म्हणायची, दार करतो.

उंचीचं माप मामांनी घेतलं. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. "टेप ताणल तसा ताणतो." बांबूची काठी तुळईला टेकवायची, खाली जिथं येईल तिथं कापायची आणि त्या काठीवरून सगळ्या झडपा करायच्या, ही त्यांची रीत. ते लाकडी घोड्यावर चढले, मी खाली बसून काठी धरली. काठीखाली त्यांनी पिशवीतला सागाचा एक ठोकळा सरकवला. मी पाहिला. काही विचारलं नाही. आमच्या गावात मामा दाराचं माप घेताना ठोकळा ठेवतात, हे मी माझ्याच घराचं दार बसवताना पाहिलेलं होतं. वेगळं काही दिसलं असतं तर विचारलं असतं. जे नेहमीचं आहे त्याच्याकडं माणूस बघतो कुठं.

दोन महिने आम्ही खपलो. चौकटी झाल्या, फळ्या बसल्या, तेल पाजून झालं. आठ झडपा भिंतीला ओळीनं उभ्या राहिल्या. शेठनी उद्घाटनाचा दिवस धरला. तबेल्याचं उद्घाटन असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हशी तर महिनाभरापासून आतच होत्या. पण एक पुढारी येणार होते आणि पुढारी यायचा तर कापायला फीत लागते.

त्या आनंदात मी बायकोला दाराचं चित्र काढून पाठवलं. बॉलपेनानं, आठही झडपा, चाकं, खाच, सगळं.

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना तिचं पत्र आलं. मी ते तबेल्याच्या दारातच फोडलं. तिनं लिहिलं होतं, 'चित्र बघितलं. छान आहे. पण उंबरा कुठंय? मामानं आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा उंबरा केला होता. एवढ्या मोठ्या दाराला नाही केला? की तुम्ही काढायला विसरलात? दार झालं का?'

मी हसलो. मग ठोकळा आठवला.

काठी झडपेला लावली, मग तीच काठी तोंडात उभी केली. खाली चार इंच मोकळे, ठोकळ्याएवढेच. मामांनी चाळीस वर्षं उंबऱ्याच्या डोक्यापासून तुळईपर्यंत दार मोजलं होतं. ज्या तबेल्यातून ट्रॅक्टर आणि म्हशी जाणार, त्याला उंबरा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं.

मी मामांना बोलावलं. त्यांनी त्या फटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "उंबराच बसवून टाकू."

"मामा, म्हशी अडखळून पडतील."

"माणसं पडत्यात का?"

"ट्रॅक्टर?"

मामा मग खाली बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जावईबापू, ह्या हातानं कदी असं झालं न्हाई." त्यांचा आवाज ऐकून मला ठोकळ्याबद्दल बोलवेना. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मामांपेक्षा खोली जास्त दिसत होती. सरकी पेंडेची पोती, खिडकी, नसलेला पेरू.

युक्ती मीच काढली. झडपा लांब करायला वेळ नव्हता. वरचा लोखंडी पट्टाच चार इंच खाली घेतला. झडपा जमिनीशी बरोबर आल्या, खिट्या खाचेत बसल्या, दार बोटानं ढकललं तरी सरकू लागलं. फट आता वर गेली, तुळईखाली. ती झाकायला मामांनी वीस फुटांची फळी ठोकली आणि एका पेंटरकडून तिच्यावर लाल-पिवळ्या अक्षरांत गुजरातीत लिहून घेतलं : भले पधार्या. शेठ खूश झाले. मेव्हण्याच्या दारावर असं काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून कुठंही स्वागताचा फलक दिसला की त्याच्यामागं काय झाकलंय, हा विचार माझ्या मनात येतोच.

मी पत्र टाकलं : 'दार झालं. तयारी कर.'

उद्घाटनाला मांडव होता, सोफा होता, लाउडस्पीकर होता. पुढारी दोन तास उशिरा आले, कारण वेळेवर आले असते तर त्यांना कुणी पुढारी म्हटलं नसतं. त्यांनी फीत कापली, शेठनी दार ढकललं आणि आठही झडपा आवाज न करता दुमडून बाजूला झाल्या. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी भाषणात या दाराला प्रगतीचं दार म्हटलं, आणखी कशाकशाचं दार म्हटलं. तबेल्याचं एवढं म्हणायचं राहिलं. आतून एक म्हैस मध्येमध्ये दाद देत होती.

मग शेठच्या मनात नसलेलं काहीतरी त्यांच्या ड्रायव्हरच्या मनात आलं. पाहुण्यांसमोर पहिली ट्रॉली आत न्यावी म्हणून तो झेंडूच्या माळा लावलेला ट्रॅक्टर घेऊन आला. मागं पेंढा, मोजून दारापुरता रचलेला. तुळईपर्यंत बारा फूट आहेत हे ड्रायव्हरला माहीत होतं, आणि सुरती माणूस जागा वाया घालवत नाही.

पेंढ्यावरची दोरीनं आवळलेली आडवी बल्ली फळीला लागली. फळी करकरली, एका टोकानं सुटली आणि पुढाऱ्यांच्या सोफ्यापासून हातभर अंतरावर येऊन लोंबकळली. 'पधार्या' जमिनीला टेकलं, 'भले' वरच राहिलं. फळीमागची फट सगळ्यांना दिसली, चार इंच, आरपार.

पहिल्यांदा हसल्या त्या शेठच्या आई, बा. म्हशींचं सगळं त्याच बघायच्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ओछुं भरो ने, भाई!" थोडं कमी भरा की. पण शेठ हसले नाहीत. त्यांनी मामांकडं पाहिलं.

"मिस्त्री, ये क्या है?"

मामा उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. उत्तर साधं होतं. फळी नीट ठोकली नव्हती, म्हणायचं. मीही तेच म्हणणार होतो. 'तयारी कर' लिहिलेलं माझं पत्र तिकडं पोचत असणार, ती सामान बांधायला घेणार. पण मामांनी टोपी काढलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी म्हणालो, "शेठ, दार चार इंच कमी झालंय. माप माझ्यासमोर चुकलं. झाकायची कल्पना माझी."

शेठनी शिवी दिली. ही प्रेमाची नव्हती. मग माझ्यापुढं चार बोटं नाचवून म्हणाले, "पहेला चार इंच लाव. पछी बैरी लाव." आधी चार इंच आण, मग बायको आण.

मांडव हसला. पुढारीही हसले. त्या दिवशी त्यांच्या भाषणापेक्षा शेठचं हे वाक्य जास्त लक्षात राहिलं असणार, निदान माझ्या तरी.

परत जाताना मामा बसथांब्यापर्यंत टोपी हातात घेऊनच चालले. बस दिसल्यावर म्हणाले, "तुमी कशाला बोललाव?" मी म्हणालो, "उंबरा तुमचा, पण काठी मी धरली होती." त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

दुसरीकडची कामं ठरलेली होती, त्यामुळे तबेल्यावर जायला आठवड्यातून एक दिवस मिळायचा. एका दिवसात एकच झडप व्हायची. ती उतरवायची, खाली पाइपाचा तुकडा जोडायचा, मामा फळी सांधायचे, मग ती भिंतीला लावून ठेवायची. कधी वीज नसायची, कधी एखादी म्हैस व्यायलेली असायची आणि बा आम्हाला आत येऊ द्यायच्या नाहीत. असे आठवडे फुकट जायचे.

मी बायकोला सगळं खरं लिहिलं. पेरूचंही. तिनं रागावून लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं लिहिलं, 'बांधलेलं सामान सोडलं. पेरूचं मला आधीच वाटलं होतं. किती झडपा राहिल्या?' मग त्या हिवाळ्यात पत्रं अशीच आली. सहा राहिल्या का? पाचच राहिल्या ना? एकात तिनं लिहिलं की घरामागच्या भिंतीवर तिनं कोळशानं आठ रेघा ओढल्यात आणि माझं पत्र आलं की एक पुसते. 'दोन पत्रांत झडप नव्हती. तरी मी हात लावून पाहिला रेघेला.' हे वाक्य मी शेजारच्या लूमच्या खडखडाटात, दुसऱ्याच्या उबेत पडून किती वेळा वाचलं. तोवर मी जी पुस्तकं वाचली होती त्यांत विरहावर पानंच्या पानं होती. इतक्या कमी शब्दांत कुणी लिहिलं नव्हतं.

होळीच्या आसपास आठवी झडप झाली. पट्टा पुन्हा तुळईला भिडला आणि आठही झडपा चढल्या. शेठनी पेंढ्याची ट्रॉली आत घालून पाहिली, बाहेर काढली आणि खोलीची किल्ली माझ्याकडं फेकली.

ती भुसावळवरून गाडीनं आली. स्टेशनवर आम्ही फारसं बोललो नाही. एवढं लिहून झाल्यावर तोंडानं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. कामरेजला बसमधून उतरून तबेल्यापर्यंत चालत आलो. खोलीकडं वळायच्या आधी ती दारापुढं थांबली. झडपांच्या खालच्या बाजूला नव्या लाकडाचा फिकट पट्टा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती उकिडवी बसली आणि त्यावर हात आडवा धरला. बोटांच्या वर थोडंसं लाकूड उरलं.

"एवढंच होय?" ती म्हणाली.

आम्ही त्या खोलीत सात वर्षं काढली. मामांनी खोलीच्या दाराला उंबरा बसवला, त्यात तो ठोकळाही वापरला, आणि मी त्याला रोज ठेचकाळायचो. तिला कधी लागला नाही. आता तिथं तबेला नाही, ऊस नाही. प्लॉट पडलेत आणि प्रत्येक सोसायटीला महालासारखी कमान आहे.

बायको आली आणि पत्रं थांबली, हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले. ती समोर होती, भाकरी करत होती, बांशी गुजरातीत भांडायला शिकत होती. भिंतीवर रेघा ओढणारी ती बाई मात्र मला पुन्हा भेटली नाही. परवा ती भावाकडं पंधरा दिवसांसाठी गावी निघाली, तेव्हा मी सहज म्हणतोय असं दाखवून म्हणालो, "पोचल्यावर एखादं पत्र टाक."

पिशवीची चेन लावत ती म्हणाली, "कशाला? दार झालंय ना."