बारीक तारा

मला गळा नव्हता. "पोरीच्या गळ्यात फुटका माठ हाय," असं खुद्द आमचे वडीलच म्हणायचे, आणि ते गाणं शिकवणारे, म्हणजे अपीलच नाही. म्हणून मी तानपुरा छेडायला बसायची. आई लहानपणीच गेलेली. नांदेडातल्या दोन खोल्यांत वडील, मी आणि तो तानपुरा. अख्खं गाव वडिलांना मास्तर म्हणे. वकिलांच्या, जमादारांच्या घरी जाऊन ते शिकवत. निजामाचं राज्य होतं. सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दू, घरात मराठी. शेजारच्या बायका 'गाण्यावाल्याची पोर' म्हणून मला जरा दूरच ठेवायच्या.

अशात अक्का आली. ती लातूरच्या एका अडत्याची मुलगी, माझ्यापेक्षा थोडी मोठी. नांदेडात तिचे मामा वकील होते, त्यांच्याकडे राहून आमच्या घरी शिकायला यायची. तिच्या वडिलांनी अट घातली होती: वर्षभर शिक, मग मी येऊन ऐकीन. गळ्यात दम दिसला तर पुढं शिक. नाहीतर उदगीरचं स्थळ तयार आहे. मला मात्र ती गाण्यापेक्षा बोलायला हवी होती. माझ्याशी कुणी इतकं बोललंच नव्हतं.

बाईचा गळा पुरुषापेक्षा चढा, त्याला वरची पट्टी लागते. हे मला माठ गळ्याचीला कळत होतं, मग वडिलांना का नाही कळणार? पण तानपुरा त्यांच्याच पट्टीत राहिला. अक्का खाली वाकून गायची. आवाज विहिरीच्या तळाशी घागर आपटावी तसा यायचा.

"मास्तर, जरा वर घेता येईल का?" तिनं एकदा विचारलं.

"तारा जाड हायेत. वर चढवल्या की तुटतेत."

बिचारीनं मामांकरवी हैदराबादेहून बारीक तारांची पुडी मागवली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि सरस्वतीच्या तसबिरीपाशी कोनाड्यात ठेवली. "पाहू," म्हणाले. दसऱ्याला तानपुऱ्याची पूजा झाली. पुडीलाही हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. सोडली मात्र नाही.

का, ते मला त्याआधीच कळलं होतं. श्रावणातल्या एका दुपारी वडील शिकवणीला बाहेर गेले होते. मी आडावर धुणं धूत होते आणि अक्का पायरीवर बसून स्वतःशीच गात होती, तिच्या पट्टीत, तानपुऱ्याशिवाय. माझ्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. मागं बघितलं तर दारात वडील उभे. एक वहाण पायात, एक हातात. बापाचा चेहरा मी रागाचा पाहिला होता, उपासमारीचा पाहिला होता. असा कधीच नव्हता पाहिला. गाण्यातली जी जागा घ्यायला ते पहाटे उठून वर्षानुवर्षं झटत होते, ती ही पोरगी धुण्याच्या दगडाशेजारी बसून सहज घेत होती. त्यांनी दुसरीही वहाण काढली. आत जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर तिच्यासमोर ते पुरं गायले नाहीत.

"आबा, त्या तारा लावा की," मी रात्री जेवताना म्हणाले.

"सबर कर. कच्चा गळा हाय तिचा."

मला त्यांची चीड आली आणि कीवही आली.

चैत्रात अक्काचे वडील लातूरहून लोह्यावरून मोटारीनं आले. मामांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. तानपुरा मीच छेडत होते, आमच्या वडिलांच्या पट्टीत. अक्कानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून मान हलवत होते. ती गायली, सुरात गायली, पण आवाज दबलेलाच. तिच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं आणि शेवटी सज्जनपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही लई मेहनत घेतली. पण पोरीच्या गळ्यातच न्हाई, त्याला तुम्ही काय करावं?"

आमच्या वडिलांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी अक्का लातूरला गेली. जाताना माझ्या केसांत अबोलीचा गजरा माळला आणि वडिलांच्या पायाला हात लावला. उन्हाळ्यात उदगीरला तिचं लग्न झालं. मी संध्याकाळी दारात बसायची आणि ती यायची वेळ झाली की उठून आत जायची. वडील आणि मी एकमेकांशी कामापुरतं बोलायचो.

पुढच्या दसऱ्याला पूजेसाठी वडिलांनी कोनाड्यातली पुडी काढली, आणि या वेळी सोडली. तारांनी गंज धरला होता. त्यांनी घासलेटच्या बोळ्यानं त्या पुसल्या, आपल्या जाड तारा उतरवल्या आणि या चढवल्या. मग खुंट्या पिळत पिळत तानपुरा वर, अजून वर नेला. मला वाटलं, शिकवणीच्या पेटीवर सूर तपासतील. पेटीकडे त्यांचा हात गेलाच नाही. अक्काची पट्टी त्यांच्या कानात जशीच्या तशी होती. एकही तार तुटली नाही.

"छेड," ते म्हणाले.

मी छेडला. अक्का बसायची त्या सतरंजीकडे ते बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, पण तो सूर काही त्यांना लागेना.

"गा की आता!" मी ओरडलेच.

"ही पट्टी माझी न्हाई, पोरी," ते म्हणाले. "तू छेडत राहा."

मी छेडत राहिले. तानपुरा त्यांनी पुन्हा कधी खाली, आपल्या पट्टीत उतरवला नाही. शिकवणीला पेटी घेऊन जायचे, आणि घरी गाणं बंदच झालं.