देवी गाडीवर येऊन राह्यली

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण देवीवर माझा राग होता, हे नक्की. पोटापाण्याला मी देवी टोचणारा माणूस. आरोग्य खात्याची लशीची पेटी घेऊन चांदा जिल्ह्यातल्या जंगलात गावोगाव हिंडायचं आणि लेकरांच्या दंडावर टोचायचं, म्हणजे त्यांना देवीचा रोग होऊ नये. रोगाचं नाव देवी, टोचायचं तेही देवी, आणि गावाबाहेर मातामायच्या ठाण्यावर शेंदूर फासून बसलेली तीही देवीच. लोक मला ‘देवीवाले भाऊ’ म्हणायचे, आणि मी गावात शिरलो की दारं लावून घ्यायचे. टोचलं तर देवी कोपेल, असं त्यांचं म्हणणं. मी टोचलं नाही तर लेकरू आंधळं होईल, असं माझं. असे माझे आणि तिचे वर्षानुवर्षं उभे दावे. चांद्यातल्या महाकालीच्या देवळावरून रोज जायचो, पण हात जोडायचं म्हटलं की माझे हात खिशात जात.

सगळ्यात जास्त छळलं ते आष्टीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावानं. तिथे मातामायची पूजा करणारी पोचूबाई नावाची म्हातारी होती. अंगानं काडी, पण तिच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. दोन वर्षं मी तिच्या दाराशी जाऊन डोकं आपटलं. शेवटच्या वेळी ती ओट्यावर बसूनच म्हणाली, “देवीले आमच्या घरी याचं असन त ते आपल्या पायानं येईन, बाबू. तुह्या पेटीतून काऊन येईन? ते येईन त्या दिवशी आमी दार उघडू.” त्या गावात एक पोरगी होती, रोगानं दोन्ही डोळे गेलेली. ती आवाजाच्या दिशेनं मान वळवून आमचं भांडण ऐकत होती. मी पेटी उचलली आणि तणतणत निघालो. त्या पोरीचा चेहरा पुढे कितीतरी दिवस माझ्या जेवणात येऊन बसायचा.

त्यानंतर नाल्यात बैलगाडी उलटली आणि माझा उजवा गुडघा कामातून गेला. हाड सांधलं, पण गुडघा वाकेना. सायकल बंद, लांबचं चालणं बंद. आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, “आता फिरती पुरे. चांद्याला टेबलावर बसा, आराम करा.” दुसऱ्या कोणाला हे बक्षीस वाटलं असतं. मला ती शिक्षा वाटली. माझ्या जागी कोणी येणार नव्हतं, हे साहेबांनाही ठाऊक होतं. मी टेबलावर बसलो की ती जंगलातली गावं उघडी पडणार होती, आणि पोचूबाईचं गाव तर कायमचं.

माझ्या मेव्हण्याकडे नागपूरला एक इटलीची स्कूटर पडून होती. त्यानं ती हौसेनं घेतली होती, झाडावर घातली होती आणि मग तिचं तोंड बघायचं सोडलं होतं. हातात गिअर, हातात क्लच, पाय ठेवायला सपाट जागा. वाकत नसलेल्या गुडघ्याला याहून सोयीची गाडी नाही, हे माझ्या डोक्यात बसलं. मी साहेबांना म्हटलं, या गाडीवर फिरती करतो. ते हसले. “या खेळण्यावर? जंगलात?” मोटारींचे ते मोठे शौकीन. नागपूरच्या हौशी मंडळींनी त्या फाल्गुनात मोटारसायकलींची लांब पल्ल्याची दौड ठेवली होती : चांद्याच्या जटपुरा गेटातून निघायचं, सिरोंच्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत परत त्याच गेटात. घड्याळ घेऊन उभे राहणार होते आमचे साहेबच. ते म्हणाले, “तुमचं खेळणं सिरोंच्याला जाऊन वेळेत परत आलं, तर फिरती तुमची. नाही आलं, तर टेबल.” चेष्टेत म्हणाले असतील, पण मी ते धरून ठेवलं.

मग सुरू झाला मी, ती गाडी आणि करीमभाऊ यांचा संसार. करीमभाऊंचं बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि माझ्याइतकेच तापट. आम्ही दोघांनी मिळून ती गाडी उघडून पुन्हा बांधली. इंजिनाला वारा लागावा म्हणून बाजूचे पत्रे काढून टाकले. सायलेन्सरमध्ये काजळी दाटली होती, तो भुशाच्या आगीत घालून झाडला. क्लचची तार वाटेत तुटणारच, असं धरून तिच्याशेजारी दुसरी तार आधीच ओवून ठेवली, म्हणजे नुसती टोकं बदलायची. किक उजव्या पायानं मारायची असते. मी दुसऱ्या बाजूला उभा राहून डाव्या पायानं मारायला शिकलो, आणि शिकताना सगळ्या बाजाराची करमणूक केली. ब्रेकवर करीमभाऊंनी लोखंडी पट्टी जोडून दिली, गुडघा न वाकवता टाचेनं दाबता यावी म्हणून. लशीच्या पेटीच्या जागी तेल मिसळलेल्या पेट्रोलचा डबा बांधला. बल्लारपूरपर्यंत चाचणीला निघालो तेव्हा करीमभाऊ मागे बसले आणि जातायेता मोठ्यानं अल्लाचं नाव घेत राहिले. उतरल्यावर म्हणाले, “भाऊ, गाडी जाईन. तुमचं काय ते मले सांगता येत नाई.”

निघायच्या पहाटे आमच्या घरची मंडळी महाकालीच्या ओटीतला लाल खण घेऊन आली आणि हँडलला बांधू लागली. मी म्हटलं, ही दौड आहे, जत्रा नाही. तिनं गाठ मारता मारताच ऐकवलं, “तुमी गावभर देवी टोचत फिरता, तिचा खण मात्र तुमाले टोचते काय? राहू द्या. वाऱ्यानं उडते, पेट्रोल थोडीच पिते.” गाठ तिनं अशी मारली की सोडायची म्हटली तर दौड सुटून गेली असती. मी तसाच निघालो.

जाताना पोचूबाईच्या गावाखाली वैनगंगेनंच मला पहिला हिसका दाखवला. फाल्गुनात तिचं पाणी पलीकडच्या काठाशी जाऊन बसतं आणि अलीकडे पसरते नुसती वाळू. मोटारसायकलींची चाकं मोठी, त्या गुरगुरत, आडव्यातिडव्या होत निघून गेल्या. माझ्या गाडीची चाकं जेवणाच्या ताटाएवढी. मधोमध ती बुडाली आणि क्लचचा करपट वास सुटला. ढकलायला माझ्याकडे पाय एकच. नियम असा की माणसांची मदत चालेल, पण बैल जुंपले की बाद. काठावर जाळी नीट करत बसलेल्या ढिवरांना माझी दया आली. त्यांनी दोन बांबू आडवे घातले, गाडी खांद्यावर उचलली आणि पालखीसारखी वाहून थेट डोंग्यावर नेऊन ठेवली. त्यांच्यातला सखारामभाऊ मला ओळखत होता. मी विचारलं, उद्या दुपारी परत येईन तेव्हा असाल का? तो म्हणाला, “उद्या आमी नाई जी. मासोळ्या घेऊन बजाराले जातो.” मग त्यानं वरच्या काठाशी वाळूतल्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायांना हाक घातली, “देवीवाले उद्या दुपारी परत येऊन राह्यले, गाडीवर! कोनी असान त हात लावजा!” वारा उलटा होता. बायांनी माना हलवल्या, एवढं मला दिसलं.

आलापल्लीच्या सागवानातून सिरोंच्यापर्यंत गाडी अशी पळाली की मला माझाच हेवा वाटला. धुळीनं भुवया लाल झाल्या, मोहाच्या वासानं डोकं धुंद झालं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी लंगडा आहे हे विसरलो. परतीला क्लचची तार तुटली, ती मी लगेच बदलली. एक रानडुक्कर आडवं आलं, त्याला वाट दिली. पण जसजशी आष्टी जवळ आली, तसतशी ती वाळू माझ्या छातीत भरत गेली. पुढच्या मोटारसायकली केव्हाच गेल्या होत्या. नदीवर ढिवर नसणार. मी एकटा ती गाडी वाळूतून काढू शकत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. डोंग्यावर एक म्हातारा नावाडी तेवढा होता. पाण्याच्या मधोमध मी त्या खणाकडे बघितलं आणि, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, बाई, तुझ्याशी मी फार भांडलो. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. टेबलावर बसवायचं असेल तर बसव. हे मी हरून म्हटलं होतं, भक्तीनं नव्हे, तरी म्हटल्यावर छाती जरा हलकी झाली.

डोंगा वाळूला लागला, मी मान वर केली, आणि समोर रस्ता होता. वाळूतून काठापर्यंत सरळ, बांबूचे तट्टे अंथरलेले. जिथे तट्टे पुरले नव्हते तिथे धानाचं तणीस पसरलेलं, दोन्ही कडांना पळसाच्या फांद्या. बाया घागरी घेऊन उभ्या होत्या आणि तट्ट्यांवर, वाळूवर पाणी ओतत होत्या. देवी यायची असली की तिच्या वाटेवर असं पाणी घालतात. कोरडी वाळू चाकं कशी गिळते ते मी आदल्या दिवशी पाहिलं होतं; ओली वाळू घट्ट बसते. वर डफडं वाजत होतं. सगळ्यांच्या पुढे, हातात आरतीचं ताट घेऊन, पोचूबाई उभी होती. नावाड्यानं मला हळूच सांगितलं, “काल सांजेपासून गावात एकच गोठ, देवी गाडीवर येऊन राह्यली. खांद्यावर लाल कपड्याची पालखी बायांनी डोयानं पाह्यली म्हनते.”

माझ्या सगळं ध्यानात आलं. वाऱ्यानं ‘देवीवाले’मधलं अर्धं खाल्लं होतं. सूर्य कलला होता. गुपचूप किक मारून त्या तट्ट्यांवरून निघून जायला मला कोणी अडवलं नसतं. पण चाक त्या रस्त्यावर घालवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या वाटेवर पाय द्यायला कचरलो. गाडी उभी केली, लंगडत पोचूबाईपुढे गेलो आणि म्हटलं, “बाई, चूक झाली. देवी नाई आली. मी आहो, देवीवाला. तुमीनं हाकललेला.”

डफडं थांबलं. पोचूबाईनं मला खालून वर पाहिलं. मग माझ्या बाजूनं गाडीपाशी गेली, खणाला हात लावला.

“हा कोनाचा?”

“चांद्याच्या महाकालीचा. बायकोनं बांधला.”

“मंग नाई आली कसा म्हनतं?” तिनं गाडीच्या पुढच्या दिव्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग उरलेलं कुंकू माझ्या धुळीच्या कपाळावर दाबलं. “रस्ता तिच्यासाठी केला. तिनं तुले पुढं धाडलं असन त तू चाल. थांबू नको, तनीस वाळून राह्यलं.”

मी डाव्या पायानं किक मारली. गाडी एका झटक्यात बोलली. तट्टे चाकांखाली कुरकुरत गेले, तणीस उडालं, मागे डफडं पुन्हा सुरू झालं आणि बाया हसत, पाणी शिंपत माझ्यासोबत पळू लागल्या. काठाच्या चढावर गाडी दमली तेव्हा त्यांनीच मागून हात लावले. माथ्यावर ती आंधळी पोरगी उभी होती. गाडी जवळून गेली तशी तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि हात जोडले. मी हँडल सोडू शकत नव्हतो, म्हणून मान खाली केली आणि तसाच गोंडपिपरीच्या रस्त्याला लागलो.

त्यानंतर गाडी कशी चालली ते मला फारसं आठवत नाही. मी मोठ्यानं गात होतो एवढं आठवतं, आणि मला गाता येत नाही. जटपुरा गेटात शिरलो तेव्हा बाजारात दिवे लावायला नुकतीच सुरुवात झाली होती. करीमभाऊ सगळ्यांच्या आधी ओरडले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, माझं कुंकवानं माखलेलं कपाळ पाहिलं, कुंकू लावलेला दिवा पाहिला. एवढंच म्हणाले, “खेळणं म्हणालो होतो, ते मागे घेतो. फिरती तुमची.” मोठ्या गाड्यांपैकी काही अजून वाटेतच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाकालीच्या देवळात गेलो. आमची मंडळी सोबत होती, पण माझे जोडलेले हात पाहून न पाहिल्यासारखं केलं तिनं. तो तिचा मोठेपणा.

त्या आठवड्यातच लशीची पेटी बांधून मी पोचूबाईच्या गावी गेलो. मनात धाकधूक होतीच. गावाच्या तोंडाशी गाडीचा आवाज झाला आणि एकेक दार उघडत गेलं. पोचूबाई ओट्यावरून उतरली, मातामायच्या ठाण्यासमोर येऊन बसली आणि सगळ्यांच्या आधी आपला सुकलेला दंड माझ्यापुढे केला. मी म्हटलं, बाई, आधी लेकरं. ती म्हणाली, “लेकरं मले पाहून बसतीन. टोच. देवी पायानं येईन म्हनलं होतं मी. चाकानं आली त काऊन दार लावू?”

मी टोचलं. तिच्यामागे अख्खं गाव बसलं होतं.

वाऱ्यानं अर्धा शब्द खाल्ला, एवढीच ही गोष्ट आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. वाद घालायचे ते मी तिच्याशी पुष्कळ घातले. मी इतकी वर्षं दारं ठोठावत होतो ती माझ्या जोरावर, आणि ज्या दिवशी जोर संपला त्या दिवशी रस्ता अंथरलेला मिळाला, इतकं मला कळतं. पुढे किती तरी वर्षं त्या गाडीवर मी जंगल पालथं घातलं, आणि हँडलवरचा खण दर साली बदलत राहिलो. कोणत्याही गावात दार वाजवलं आणि आतून विचारलं, “कोन आलं?” की मी आता ‘देवीवाला’ म्हणत नाही. म्हणतो, “देवी आली.”