मंगळाला तेल

हसू नका हं, आधीच सांगतो! माझ्याच घरच्या छतावर, माझ्याच होणाऱ्या जावयासमोर मी जी माती खाल्ली, ती काय सांगायची!

आमचं घर काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत. मुक्ता आमची एकुलती एक. तिने स्वतःच पसंत केलेला मुलगा, अनिकेत, आईवडिलांना घेऊन नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होता. रॉकेट सोडतात ना, त्या खात्यात इंजिनियर! मुक्ताने सकाळीच मला कोपऱ्यात गाठलं.

"बाबा, हात जोडते. आज ग्रह-तारे, रॉकेट, काही काढू नका. आजच्यावर सगळं ठरणार आहे."

का म्हणून? बँकेतून रिटायर झाल्यापासून मी रोज मोबाइलवर अवकाशाचेच व्हिडिओ बघतोय. घरात कधी नव्हे तो त्यातला माणूस येणार, आणि मी काय बटाट्याच्या भावावर बोलू?

संध्याकाळी सगळे वरच्या छतावर चहा घेत बसलो. बायको खाली कामात होती. जाड भिंगांत मी फार म्हातारा दिसतो, म्हणून चष्मा मी मुद्दामच घातला नव्हता. अंधार पडत होता. रॉकेट सुटायच्या आधी शेवटची मिनिटं कशी मोजतात, ते अनिकेत सांगत होता. मला राहवतंय होय? गंगेपलीकडे, रामनगरच्या बाजूला, कठड्याच्या वर, एक तांबूस ठिपका दिसला.

"तो बघा, मंगळ!"

मुक्ताने कपाळाला हात लावला.

अनिकेतने मोबाइल आकाशाकडे धरला. "काका, ॲपमध्ये तर मंगळ अजून उगवलेलाच नाही."

"ॲपला काय कळतंय? हे काशीचं आकाश आहे!"

अनिकेतच्या वडिलांनी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. त्यांनी डोळे बारीक केले. "हलतोय हो तो."

"वातावरण! हवेच्या थरांमुळे तसं वाटतं."

"इतका? डावीकडे, उजवीकडे?"

"गंगेवरची हवा आहे, साहेब!"

"अगंबाई, खाली येतोय!" अनिकेतची आई उठून उभीच राहिली.

आता मात्र माझं डोकं चालेना. मंगळ खाली येतो? कुठल्याच व्हिडिओत हे नव्हतं! पण माघार घेतली तर पोरीच्या सासरी माझी काय किंमत राहणार?

"वक्री झाला," मी ठणकावून सांगितलं. "आमच्या पंचांगात असतं. ग्रह उलटा फिरतो."

"एवढ्या झटपट?" फिजिक्सवाल्यांचा चहा हातातच राहिला.

तेवढ्यात कुई, कुई असा आवाज आला. मंगळाने दोन हिसके खाल्ले आणि तो कठड्याखाली गडप झाला. मग खालच्या छतावरून बायकोची हाक आली.

"अहो! तुमच्या बाबांच्या दिव्यातलं तेल संपत आलंय! बाटली कुठे ठेवलीत?"

आकाशदिवा! कार्तिकात आमच्याकडे पितरांसाठी लावतात. उंच बांबूच्या टोकाला कप्पी, आणि दोरीने वर चढवलेल्या टोपलीत दिवा. दरवर्षी आम्ही तो घाटावर लावतो. त्या वर्षी माझा गुडघा धरला, म्हणून खालच्या छतावरच बांबू बांधला. कोणी बांधला? मीच! त्याच दिवशी सकाळी! पितरांना अंधारात वाट दिसावी म्हणून लावायचा तो दिवा. माझे बाबा वरून बघत असतील तर म्हणाले असतील, आधी या गाढवाला वाट दाखवा!

मुक्ताचे डोळे भरून आले होते. झालं, मोडलं हिचं लग्न, मी मनात म्हटलं. खरं सांगतो, तोंड लपवायला जागा सापडेना.

अनिकेत उठला, त्याने कठड्यावरून वाकून खाली बघितलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने हाक मारली, "काकू, ग्रहापर्यंत पोचायला आमची वर्षं जातात हो! तुम्ही तर दोरीने खाली घेतलात!"

त्याच्या वडिलांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. मुक्ता रडता रडताच हसायला लागली. लग्न तिथेच ठरलं.

आता दर कार्तिकात संध्याकाळी जावयाचा फोन येतो. गुडघ्याची चौकशी नाही, काही नाही. "बाबा, मंगळाला तेल घातलंत ना?"

"घातलं, घातलं!" असं मी खेकसतो. मग फोन ठेवतो, चष्मा लावतो आणि मुकाट्याने तेलाची बाटली शोधायला लागतो.