रुसलेल्या वऱ्हाडाची पंगत

केळझरजवळ तानबाचं बरड शेत होतं आणि त्यात काळ्या गोट्यांचं भलंमोठं रिंगण. नागपूरहून एक साहेब येऊन सांगून गेले, हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी मेलेल्यांभोवती रचलेले हे दगड. तानबाने त्यांना ताक पाजलं, मान डोलावली. ते गेल्यावर म्हणाला, "मानूस चांगला हाय, पन हे तं वऱ्हाड हाय. जेवनावरून रुसलं अन् बसल्या जागी गोटा झालं."

सणासुदीला तो त्या गोट्यांना नैवेद्य दाखवी. "माह्या माहेरच्याइले कधी इतकं आग्रहानं वाढलं नाई," बायको देवकाबाई करवादायची.

१९५५ साली लेकीचं, कोकिळाचं लग्न कारंज्याच्या घरात ठरलं. मांडव शेतातच पडला. अक्षता पडल्या आणि तानबाने पहिली पंगत मांडली ती गोट्यांची! एकेका गोट्यापुढे पत्रावळ, वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी.

नवरदेवाचे वडील बापूजी भडकले. "आमच्या आंधी गोटे जेवतेत?" म्हणत रिंगणात गेले आणि सगळ्यात मोठ्या गोट्यावर मांडी ठोकून बसले. समजूत घालून सगळे दमले, पण बापूजींचा फेटा काही हलेना.

तानबाला लग्नाची नाही, बापूजींचीच काळजी लागली. हात जोडून म्हणाला, "इवाईबुवा, दुसरीकडं कुठंबी रुसा. इथं रुसू नोका!"

"काऊन?"

तानबाने सगळं सांगितलं. बापूजी खदखदा हसले आणि त्याला चार शब्द सुनवायला उठू लागले. उठवेना. बराच वेळ मांडी घातलेली, पाय पार बधिर झालेला.

"तानबा," त्यांचा आवाज बारीक झाला, "पाय हालून नाई राह्यला."

"झाला! गोटा होऊन राह्यला मानूस!" तानबा किंचाळला. वाजंत्री सनई टाकून पळाले. तानबाने शेजारच्या गोट्यापुढची बुंदी उचलली आणि मूठमूठ व्याह्यांच्या तोंडात कोंबू लागला. "जेवा आंधी! रुसवा सोडा!"

बापूजी भराभर गिळू लागले. देवकाबाई आली आणि तिने पोटरीला करकचून चिमटा काढला. व्याही जे ओरडले, ते पार मांडवात ऐकू गेलं.

"मासच हाय, गोटा नाई," ती म्हणाली. "वाढा त्याइले भात."

बापूजी तिथेच, गोट्यांच्या पंगतीत, पोटभर जेवले.

त्यानंतर ते कशावरूनच रुसले नाहीत. वरणात मीठ विसरलं तरी मामाजी गुमान जेवतात, असं कोकिळा माहेरी येऊन सांगायची, आणि तानबा समाधानाने मिशीवर हात फिरवायचा.